घोरणें : थट्टेचा विषय कीं काळजीचा ?

एकत्र कुटुंबांत घोरणारें एक तरी माणूस असतेंच, आणि त्याची थट्टा हा घरांतील लहानथोरांचा हक्काचा विनोद असतो. या विनोदाची परंपरा जुनी आहे. कुंभकर्णास उठवावयास गेलेले राक्षस त्याच्या श्वासाच्या जोरानेंच मागें लोटले गेले, असें वर्णन वाल्मीकीच्या युद्धकांडांत आहे. तें वाचून हसूं येणें स्वाभाविक आहे. परंतु आपल्या शेजारीं निजलेल्या माणसाचें घोरणें हसून सोडून द्यावें किंवा नाहीं, हा प्रश्न निराळा.

झोपेंत घशाचे स्नायु सैल पडतात, जीभ मागें झुकते, श्वासाची वाट अरुंद होते आणि तींतून जाणाऱ्या वाऱ्यानें तेथील मऊ भाग थरथरूं लागतो. हाच तो आवाज. चोंदलेलें नाक, मानेभोंवतीं वाढलेली चरबी, उताणें निजणें व मद्यपान यांनीं तो वाढतो. येथवर त्रास शेजाऱ्यासच. परंतु कांहीं जणांची ती वाट मधूनमधून अजीबात मिटते. छाती हालत असते, पण वारा आंत जात नाहीं. असा खंड दहा सेकंद किंवा अधिक टिकून वारंवार पडूं लागला, म्हणजे त्या विकारास ‘स्लीप अ‍ॅप्निआ’ म्हणतात. रक्तांतील प्राणवायु उतरतो, मेंदु क्षणभर जागा होतो, आचका बसून श्वास पुन्हां सुरू होतो. आणि निजणाऱ्यास सकाळीं यांतील बहुधा कांहींच आठवत नाहीं.

आमच्या सौभाग्यवतींस आमच्या घोरण्याची ४० वर्षांची संवय. त्या आवाजानें त्यांची झोप कधीं मोडली नाहीं. दोन वर्षांपूर्वीं ती मोडूं लागली, ती आवाज थांबल्यामुळें. “अहो, तुम्ही घोरत असतां तोंवर मला घोर नसतो, गप्प झालांत कीं मी उठून बसतें,” असें त्या एके दिवशीं म्हणाल्या. घड्याळ पाहून त्यांनीं तो विराम मोजलाही होता; तो २५ सेकंदांचा भरला. इकडे आम्हांस वर्तमानपत्र वाचतां वाचतां डुलकी येई, आणि औषध घेऊनही रक्तदाब उतरत नसे. दोन्ही गोष्टी वयाच्या माथीं मारतां आल्या असत्या. परंतु ३५ वर्षें मुलांस कार्यकारणभाव शिकविलेल्या मास्तरास तें शोभलें नसतें. त्याच आठवड्यांत आम्ही वैद्यकीय तपासणीस गेलों.

एक रात्र अंगास तारा लावून निजविण्यांत आलें. तासास सरासरी ३४ वेळां श्वास अडखळतो असें निघालें. मोठ्या माणसांत ५ च्या आंत तें प्राकृत, ३० व त्यापुढें तीव्र. १९८१ सालीं ऑस्ट्रेलियांतील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनीं नाकावाटे हवेचा सतत दाब देऊन ही वाट उघडी ठेवण्याची युक्ति प्रसिद्ध केली. तेंच ‘सीपॅप’ यंत्र आतां आमच्या उशाशीं असतें. नातवंडें त्याच्या नळीस गणपतीची सोंड म्हणतात. पहिले आठ दिवस नकोसें झालें. महिन्यानें दुपारची डुलकी गेली, आणि सौभाग्यवतींस रात्रभर झोप लागूं लागली.

सर्वांसच यंत्र लागतें असें नाहीं. वजन उतरविणें, कुशीवर निजणें, मद्य वर्ज्य करणें, नाकावर इलाज करणें, यांनीं पुष्कळांस गुण येतो. कांहींस खालचा जबडा पुढें धरणारें साधन दंतवैद्य करून देतात. निवडक रोग्यांवर शस्त्रक्रियाही होते. झोपेची गोळी मात्र डॉक्टरांस विचारल्याखेरीज घेऊं नये. कित्येक गोळ्यांनीं स्नायु अधिकच सैल पडतात. विकार तसाच राहिल्यास रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण पडतो. आणि वाहन चालवितांना लागलेली डुलकी तर दुसऱ्याच्याही जिवावर बेतते.

चरकसंहितेंत आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत. पहिल्याची विचारपूस आपल्या घरांत दोन वेळां होते, दुसऱ्याची क्वचित्. स्त्रियांच्या बाबतींत तर ती होतच नाहीं. पाळी गेल्यानंतर त्यांच्यांतही हा विकार वाढतो, पण आई किंवा काकू घोरते हें लाजेनें झांकलें जातें. आपल्या झोपेचा साक्षी कोणासच होतां येत नाहीं. ती साक्ष शेजारच्यानेंच द्यावयाची असते. एकट्यानें निजणाऱ्यानें हें काम मोबाईलच्या ध्वनिमुद्रणाकडे सोंपवावें. वाचकहो, आज रात्रीं घरांतील घोरणाऱ्याचा आवाज ऐकूं आला, तर तो मध्येंच थांबतो काय, एवढें लक्ष देऊन ऐका.