तिसरा दिवस न उजाडलेल्या माता

ऑक्टोबर महिना आला की आमच्या घरी रोज सायंकाळी दिवेलागणीला जपमाळ होते. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्ये असतात. त्यांतील पाचव्या रहस्याशी आले की माझी बोटे मण्यावर अंमळ रेंगाळतात. वल्हांडण सण आटोपून परतीची एक दिवसाची वाट चालल्यावर पवित्र मरिया आणि संत योसेफ यांच्या ध्यानी आले की, बारा वर्षांचा येशू सोबत नाही. तिसऱ्या दिवशी तो मंदिरात सापडला. म्हणूनच या रहस्याला आनंदाचे रहस्य म्हणायचे. पण ज्या मातेच्या आयुष्यात तो तिसरा दिवस उजाडलाच नाही, तिने हे रहस्य कोणत्या मनाने म्हणावे?

हा प्रश्न माझ्या मनात प्रथम उभा राहिला तो १९९६ च्या हिवाळ्यात. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे व सीमा गावित, यांना त्या नोव्हेंबरात अटक झाली आणि १९९० पासून चाललेले एक भयंकर प्रकरण उघडकीस आले. कोल्हापूर, पुणे, नाशिक, ठाणे अशा ठिकाणांहून त्यांनी लहान मुले पळवली होती. कडेवर मूल असलेल्या बाईचा संशय कोणी घेत नाही, म्हणून गर्दीत पाकिटे व दागिने चोरताना ही लेकरे जवळ बाळगायची. चोरी अंगाशी आली तर त्यांनाच इजा करून लोकांचे लक्ष वळवायचे, आणि मूल नकोसे झाले की त्याचा जीव घ्यायचा, अशी ती रीत होती. त्या नाताळात ख्रिस्तजन्माच्या मिस्सेला जाताना आम्हा साऱ्या आयांनी मुलांचे हात घट्ट धरले होते. गव्हाणीपुढेसुद्धा मी माझ्या मुलाचा हात सोडला नाही.

वृत्तपत्रांत जे छापून येत होते, त्यातील एक गोष्ट मात्र मला अधिक सलली. पळवलेल्या मुलांपैकी अगदी पहिले मूल कोल्हापुरातील एका भिकारणीचे होते, जेमतेम दीड वर्षाचे. माझ्या सासूबाई ती बातमी ऐकून एवढेच म्हणाल्या, "अगं, ज्याची शोधाशोध करायला कुणी नसतंय, तेच पोर आधी जातंय बघ." त्या निरक्षर होत्या, पण त्या प्रकरणाचे मर्म त्यांनी एका वाक्यात सांगितले.

वाचकहो, मीही त्याच शहरात राहत होते. रविवारी देवळाबाहेर पडताना पायरीशी बसलेल्या बाईच्या पदरात नाणे टाकत होते. तिच्या मांडीवरच्या लेकराचे नाव मी कधी विचारले नाही. पुढच्या रविवारी ते लेकरू तिथे नसते, तर माझ्या ते लक्षातही आले नसते. मूल हरवते तेव्हा ते प्रथम आपल्या नजरेतून हरवलेले असते, हे मला तेव्हा उमगले.

खटला कोल्हापुरातच चालला. अंजनाबाई त्याआधीच कोठडीत मरण पावली. २००१ मध्ये सत्र न्यायालयाने दोघी बहिणींना फाशीची शिक्षा दिली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. आरोप तेरा मुलांच्या अपहरणाचा होता. खुनाचे आरोप त्याहून कमी, आणि सिद्ध झालेले खून त्याहूनही कमी. या आकड्यांच्या मधल्या जागेत किती मातांचे अश्रू अडकून पडले असतील! निकालपत्राला शेवटचे पान असते. वाट पाहण्याला ते नसते.

दयेचा अर्ज २०१४ मध्ये फेटाळला गेला, तरी शिक्षेची अंमलबजावणी झाली नाही. अखेर या दिरंगाईचे कारण देऊन जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशीऐवजी जन्मठेप दिली. खरे सांगते, ते वाचून माझ्या मनात प्रथम संतापच उसळला. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात बदल करून देहदंड अस्वीकार्य ठरवला, हे मला ठाऊक होते. ठाऊक असणे आणि मनाने मान्य करणे यांत मोठे अंतर आहे. कित्येक दिवस मला ते पार करता आले नाही. हळूहळू एवढे कळले की, त्या दोघींना फास लागला असता तरी पायरीवरची ती आई रिकाम्याच मांडीने बसली असती. तिला हवा होता तो सूड नव्हे. आपले मूल हरवले याची कोणीतरी वेळीच दखल घ्यावी, एवढेच तिचे मागणे असणार.

आज ती दखल घेण्याची वाट थोडी मोकळी झाली आहे. हरवलेल्या प्रत्येक मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. १०९८ या क्रमांकावर संकटातील मुलासाठी कोणीही फोन करू शकतो. पण कायदा झाला तरी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या अनाथ, निरक्षर बाईला उंचच वाटतात. त्या चढताना तिच्यासोबत धर्मग्रामातील कोणी एक माणूस असावा, ही अपेक्षा फार मोठी नाही.

दरवर्षी २८ डिसेंबरला आपण निष्पाप बालकांचा सण पाळतो. हेरोदाने मारलेल्या त्या बालकांपैकी एकाचेही नाव शुभवर्तमानात नाही. तरी ख्रिस्तसभा त्यांना संत मानते. नाव नसलेले लेकरू देवाच्या वहीतून गळत नाही. आपल्या वहीतून ते गळू नये, म्हणून मी आता देवळाच्या पायरीशी थांबते आणि नाव विचारते. आणि पाचव्या रहस्याचा शेवटचा मणी त्या मातांसाठी राखून ठेवते, ज्यांचा शोध अजून संपलेला नाही.