वैनगंगेचे डोंगे आणि मुळा-मुठेची वल्ही

भंडारा जिल्ह्यास तळ्यांचा जिल्हा म्हणतात, आणि ते यथार्थच आहे. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी उतारावर मातीच्या पाळी घालून पावसाचे पाणी अडविले व त्याखाली धानाच्या बांध्या पिकविल्या. माजी मालगुजारी तलाव, अर्थात ‘मामा तलाव’, या सरकारी नावाने ती तळी आज ओळखली जातात. या तळ्यांच्या जोडीला वैनगंगा आहे. मध्यप्रदेशातील शिवनी जिल्ह्यात मुंडारा येथे तिचा उगम होतो, आणि आमचा जिल्हा ओलांडून ती पुढे वर्धेस मिळते. त्या संगमापासून तिला प्राणहिता म्हणतात. इतके पाणी दाराशी असून आम्हां लेखणीवर पोट भरणाऱ्या घरांचा पाण्याशी संबंध किती? स्नान, संध्या आणि पूर पाहण्यास कारध्याच्या पुलावर जाणे, एवढाच!

हे पाणी खरे ओळखतो तो धिवर. पूर्वी त्याचा डोंगा एका खोडाचा कोरलेला असे. आता फळ्यांचे व पत्र्याचेही दिसतात. धिवराचा मुलगा वल्हे मारावयास कोणत्या शाळेत शिकतो, असे आम्ही पवनीच्या घाटावर एका वृद्धास विचारले होते. तो म्हणाला, “गुरुजी, पोरगा बापासमोर बसते, बाप जसा हात हालवते तसा हालवते. चुकला तर डोंगा गोल फिरते. मंग डोंगाच सांगते.” आम्ही चाळीस वर्षे वर्गात उभे राहिलो, परंतु चूक तत्काळ दाखविणारी आणि तरीही न रागावणारी अशी शिक्षिका आम्हांस वर्गात भेटली नाही.

पवनी हे गाव काही आजचे नव्हे. १९६९-७० साली तेथे झालेल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले. त्याच गावापासून जवळ, गोसे येथे, वैनगंगेवर गोसीखुर्दचे प्रचंड धरण उभे आहे. १९८८ साली त्याचा पायाभरणी समारंभ झाला. त्याची लांबी अकरा किलोमीटरांहून अधिक असून त्यास ३३ दरवाजे आहेत. धरणाने नदीचे रूपच पालटले. उन्हाळ्यात जेथे वाळूतून पायी जाता येई, तेथे आता दूरवर निश्चल पाणी पसरलेले असते. आंभोऱ्यास, जेथे वैनगंगेस कन्हान व इतर लहान नद्या मिळतात आणि जेथे मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ रचिला असे कित्येक मानतात, तेथे चैतन्येश्वराच्या टेकडीवरून पाहिले असता सरोवरच भासते. या पाण्याखाली अनेक गावांची घरे, शेते आणि देवळे गेली आहेत, हेही पाहणाऱ्याने विसरू नये.

अशा या जिल्ह्यातून आमच्या पुतण्याची कन्या अभियांत्रिकी शिकण्यास पुण्यास गेली, आणि दुसऱ्याच वर्षी तिचे पत्र आले की, ‘मी महाविद्यालयाच्या नौकासंघात वल्हे मारावयास शिकत आहे.’ घरात एकच गहजब झाला. आमच्या वहिनी देवघरातूनच म्हणाल्या, “भाऊजी, मुलगी शिकायला धाडली की बुडायला? २०२० सालचा पूर इतक्यात विसरलात?” तो पूर कोण विसरेल! त्या ऑगस्टअखेर वैनगंगेचे पाणी भंडारा शहराच्या वस्तीत शिरले होते. वहिनींचे भय पोकळ नव्हते. परंतु भयाचे उत्तर पाण्यापासून दूर पळणे नव्हे, असे आमचे मत पूर्वीपासूनच आहे. म्हणूनच ती दहा वर्षांची असताना आम्ही तिला गावच्या तळ्यात एका धिवरीण बाईकडून पोहावयास शिकविले होते. शेवटी असे ठरले की, वहिनींनी व आम्ही स्वतः जाऊन पाहावे आणि मग हो की नाही ते सांगावे.

वरठीच्या भंडारा रोड स्थानकावरून निघून नागपूरमार्गे आम्ही पुण्यास पोहोचलो. हे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ साली स्थापन झालेले. २०२२ पासून त्यास विद्यापीठाचा दर्जा आहे. मुळा व मुठा यांच्या संगमाजवळ त्याचा नौकाविहार मंडळाचा घाट आहे, आणि तेथील ‘रेगाटा’ नामक जलोत्सवाची परंपरा १९२८ पासूनची सांगतात. वाचकांस नवल वाटेल, परंतु पुण्याची नदी मुळात नौकेस योग्य अशी नव्हेच. पावसाळा सरला की ती खडकांतून वाहणारी. खाली बंडगार्डनपाशी सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात बंधारा झाला, त्यामुळे संगमापर्यंत पाणी तुंबून राहिले आणि वल्ह्यांस जागा झाली. तेव्हा पाणी अडले म्हणून नौका आली, ही गोष्ट पुण्याची आणि आमच्या गोसीखुर्दची एकच आहे. भेद इतकाच की, पुण्याने त्या पाण्यावर एक विद्या उभी केली.

पहाटे आम्ही घाटावर उभे राहिलो. शर्यतीची नाव आमच्या डोंग्याहून अगदी निराळी. एकट्याची नाव सुमारे आठ मीटर लांब, आणि वजन अवघे चौदा किलोच्या आसपास. आठजणांची सतरा-अठरा मीटरपर्यंत जाते. रुंदी इतकी अल्प की, वल्ही पाण्यावर टेकलेली नसतील तर ती आपोआप कलंडेल. म्हणून नवशिक्यास प्रथम रुंद बुडाच्या नावेत बसवितात. बसावयाची फळी चाकांवर पुढेमागे सरकते, आणि पावले मात्र एका जागी बांधलेली असतात. वल्हे हातांनी मारतात हा आपला समज. वास्तविक ते पायांनी मारतात. गुडघे दुमडून पुढे सरकावे, पाते पाण्यात सोडावे, मग प्रथम पाय ताठ करावे, नंतर पाठ मागे न्यावी, आणि शेवटी हात छातीशी आणावे. पाते पाण्याबाहेर काढताच आडवे करावे, म्हणजे वारा लागत नाही. आणि परत जाताना उलट क्रमाने, हात, पाठ, पाय, सावकाश सरकावे. जोर लावण्यापेक्षा हे सावकाश सरकणे कठीण, असे मुलीने सांगितले. पाते वेळेवर बाहेर निघाले नाही, तर पाणी ते धरून ठेवते आणि दांडा उलटून अंगावर येतो.

तिची नाव चार वल्ह्यांची होती. पाचवी मुलगी सुकाणू धरणारी. वल्ही मारणाऱ्या चौघी जाण्याच्या दिशेस पाठ करून बसतात. पुढे काय आहे ते एकटी सुकाणू धरणारी पाहते. संस्कृतात ‘कर्ण’ म्हणजे सुकाणू, म्हणून सुकाणू धरणारा तो कर्णधार. आज तो शब्द आपण क्रिकेटच्या मैदानावर वापरतो, त्याचे जन्मस्थान नौका आहे. वल्ह्यास ‘अरित्र’ म्हणतात, आणि अश्विनीकुमारांनी भुज्यूस समुद्रातून तारले त्या आख्यानात शंभर अरित्रांच्या नौकेचा उल्लेख ऋग्वेदात आहे. ज्यांचे पूर्वज असली नौका कल्पू शकले, त्यांच्या घरात वल्ह्याचे भय असावे, हे विनोदाचे नव्हे काय?

कर्णधाराच्या समोर जी बसते, तिच्या ठेक्यावर मागच्या साऱ्यांनी चालावयाचे. आमची मुलगी तिसऱ्या जागी होती. आम्ही तिला विचारले, “तुला सर्वांत अवघड काय गेले?” ती म्हणाली, “आजोबा, मी सर्वांपेक्षा जोरात ओढत होते, आणि त्यामुळेच नाव वाकडी जात होती. महिनाभर मला फक्त समोरचीची पाठ पाहावयास सांगितले.” एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसास हे निराळे समजावून सांगावयास नको. घरात जो सर्वांहून अधिक राबतो, त्यास कधीकधी वाटते की, आपल्यावाचून हे घर चालत नाही. आणि नेमके त्याच्या त्या ओढीने घर एकीकडे कलते.

वहिनी तासभर एक शब्द बोलल्या नाहीत. नाव घाटास लागली, मुलींनी ती खांद्यावर घेऊन आत नेली, तेव्हा त्या नातीस एवढेच म्हणाल्या, “या साऱ्यांना उद्या फराळाला बोलाव.” आम्ही ती संमती समजलो.

या विद्येचे फळ कोठवर जाते याचेही उदाहरण महाराष्ट्रात आहे. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्याच्या तळेगाव रोही गावचे दत्तू भोकनळ हे पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या मुलखात वाढले. २०१२ साली सैन्यात गेले, तेथे पुण्यास प्रथम वल्हे हाती धरले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकेत जगात तेरावे आले, आणि २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्णपदक मिळविले. कोरड्या गावचा तरुण चार वर्षांत इतका शिकला, तर तळ्यांच्या जिल्ह्यातील मुलांनी काठावरच का उभे राहावे?

परतल्यावर आम्ही आंभोऱ्यास पुन्हा गेलो. शर्यतीचा मार्ग दोन हजार मीटरांचा असतो. तेवढे, आणि त्याहून कितीतरी अधिक, मोकळे पाणी डोळ्यांसमोर होते. परंतु जवळ जाऊन पाहता त्याचे दुखणेही दिसले. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानेत व तेथून या जलाशयात येते. मुळा-मुठेचीही हीच व्यथा. तेथे जलपर्णी साचली की मुलांना नाव बाहेर काढणे कठीण होते. ज्या नदीत आपली मुलगी रोज पहाटे उतरते, ती नदी घाण ठेवणे कोणत्या घरास सोसवेल? मुले पाण्यात उतरू लागली, तर नदीची काळजी करणारी घरे वाढतील, असा आमचा भरवसा आहे.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. येथील महाविद्यालयांनी दोन रुंद बुडाच्या नावा घ्याव्यात. पोहता आल्यावाचून व तरंगते जाकीट घातल्यावाचून कोणास नावेत बसू देऊ नये. पावसाळ्यात, धरणाचे दरवाजे उघडे असताना, नाव घाटावरच राहावी. आणि शिक्षक म्हणून प्रथम पवनीच्या किंवा कारध्याच्या धिवरास सन्मानाने, वेतन देऊन, बोलवावे. धरणाने ज्यांची गावे व पात्रातली जुनी मासेमारी घेतली, त्यांचे ज्ञान तरी पाण्याखाली जाऊ नये. वाचकांपैकी ज्यांची मुले-मुली नदीकाठच्या गावी आहेत, त्यांनी येत्या उन्हाळ्यात आधी त्यांना पोहावयास घालावे. वल्ह्याचे पुढे पाहता येईल. आमच्या घरी धाकट्या दोघांची नावे वहिनींनी स्वतःच सांगितली आहेत.