चौथाई

आमच्या लहानपणीं इतिहासाच्या पुस्तकांत 'चौथाई आणि सरदेशमुखी' हे दोन शब्द सख्ख्या भावंडांप्रमाणें जोडीनें येत. बाळाजी विश्वनाथांनीं १७१९ मध्यें दिल्लीहून चौथाईची सनद आणली, आणि १७५१ च्या तहानें नागपूरकर रघूजी भोसल्यांना बंगालच्या चौथाईपोटीं सालीना १२ लक्ष रुपये कबूल झाले, हें शिकवितांना आमच्या मास्तरांची छाती अशी फुगे, कीं जणूं त्यांतील कांहीं हिस्सा त्यांच्याच घरीं पोंचत होता. चौथाई ही दुसऱ्यानें द्यावयाची व आपण घ्यावयाची, एवढाच त्या शब्दाचा अर्थ माझ्या मनांत पक्का बसला. घेणाऱ्याला तिच्यासाठीं अर्जही करावा लागतो, हें कळावयास मात्र मला वयाचीं पंचेचाळीस वर्षें घालवावीं लागलीं.

चंद्रपूरजवळच्या एका कारखान्यांत मी एकोणीस वर्षें आवक-जावक कारकून होतों. आलेल्या प्रत्येक कागदावर तारीख घालावयाची, क्रमांक टाकावयाचा, वहींत त्याची नोंद करावयाची आणि आणणाऱ्याच्या हातीं पोंच द्यावयाची, हें माझें काम. त्यांत कीर्ति नव्हती. पण एकही कागद माझ्या टेबलावरून हरवला नाहीं, याचें मला समाधान असे. २०१९ सालच्या दिवाळीपूर्वीं एके दुपारीं माझ्याच नांवाचा एक लिफाफा त्या टेबलावर आला. मीं संवयीनें त्यावर तारीख घातली, क्रमांक टाकला आणि मग तो उघडला. आमचा विभाग बंद होत असून माझ्या सेवेची यापुढें आवश्यकता नाहीं, असें आंत होतें. दुपारीं मीं तो कागद आवक वहींत नोंदविला आणि संध्याकाळीं मी स्वतःच जावक झालों!

त्याच दिवशीं एका फिटरालाही असाच लिफाफा मिळाला होता. बाहेरच्या टपरीवर चहा घेतांना तो म्हणाला, "साहेब, मला विम्याकडून चौथाई मिळेल म्हणतात." कामगार राज्य विमा महामंडळानें जुलै २०१८ पासून नोकरी गेलेल्या विमाधारकांसाठीं एक योजना सुरू केली होती. सरासरी रोजच्या मिळकतीचा चवथा हिस्सा, तोही आयुष्यांत एकदांच आणि फार तर ९० दिवस, असें तिचें स्वरूप होतें. त्यासाठीं आधीं ९० दिवस बेकार राहावयाचें, शपथपत्र करावयाचें, आणि ज्या मालकानें घरीं बसविलें त्याच्याच मार्फत अर्ज पाठवावयाचा! पुढें २०२० मध्यें चौथाईचा निम्मा हिस्सा झाला, ९० दिवसांची वाट ३० दिवसांवर आली आणि मालकाची मध्यस्थीही सुटली. पण त्या संध्याकाळीं ती चौथाईच मला मोठी वाटली. कारण मला तीही मिळणार नव्हती. विम्यासाठीं पगाराची मर्यादा जानेवारी २०१७ पासून महिना २१,००० रुपये होती, आणि त्यानंतरच्याच वर्षीं माझा पगार २१,४०० झाला होता. त्या वाढीचे मीं पेढे वाटले होते. चारशें रुपयांनीं मी कामगारांतून उठलों आणि साहेबांतही बसलों नाहीं. मधल्या पायरीवरच्या माणसाचा पाय घसरला म्हणजे त्याला धरावयास खालचा हात नसतो आणि वरचाही नसतो.

चंद्रपूरचें भाडें परवडेना, म्हणून डिसेंबरांत आम्ही पत्नीच्या माहेरीं गेलों. मूल, सावली करीत वैनगंगेचा पूल ओलांडला, गडचिरोली मागें टाकली आणि आरमोरी तालुक्यांतील त्या खेड्यांत उतरलों. पाहुणा तिसऱ्या दिवशीं राहिला तर त्याची अक्कल जाते, अशी आपल्याकडे म्हण आहे. मी तर तिसऱ्या आठवड्यांतही तेथेंच होतों. सासूबाई ताटांत भात वाढतांना कांहीं बोलत नसत. त्यांचें तें न बोलणें मला भातापेक्षां जड जाई.

त्या मुलखांत भाताची मळणी झाली कीं गांवाचे हात रिकामे होतात. मोहाचीं फुलें गळावयास मार्च उजाडतो, तेंदूपत्त्याचा हंगाम मे महिन्यांत येतो. मधले दोन महिने जंगलही कांहीं देत नाहीं आणि शेतही कांहीं मागत नाहीं. अशा वेळीं लोक रोजगार हमीच्या कामाची वाट पाहतात. शेजारची एक आजी एके सकाळीं आमच्या ओसरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "जवाईबापू, तुमी कचेरीतले मानूस. आमी कामासाठी नाव देलं, त्याले महिना झाला. काम काई निघत नाई जी."

"अर्जाची पोंच आहे का?" मीं विचारलें. एकोणीस वर्षांची जीभ दुसरें काय विचारणार?

"लिवून घेतलं ना त्यायनं. कागद त्यायच्यापाशी. आमच्यापाशी काई नाई."

रोजगाराची हमी ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाहीं. वि. स. पागे यांच्या पुढाकारानें १९६५ मध्यें तासगांव तालुक्यांतील विसापूर येथें तिचा पहिला प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळांत ती राज्यभर गेली आणि १९७७ मध्यें तिचा कायदा झाला. पुढें २००५ मध्यें संसदेनें साऱ्या देशासाठीं कायदा केला, आणि फेब्रुवारी २००६ मध्यें तो ज्या पहिल्या २०० जिल्ह्यांत लागू झाला त्यांत चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही होते. खेड्यांतील कोणाही प्रौढ माणसानें अंगमेहनतीचें काम मागितलें तर पंधरा दिवसांच्या आंत तें दिलें पाहिजे. न दिल्यास पहिले तीस दिवस मजुरीचा निदान चवथा हिस्सा आणि पुढें निदान निम्मा हिस्सा बेकारी भत्ता म्हणून द्यावा, असें त्यांत लिहिलें होतें. त्या वर्षीं महाराष्ट्रांत मजुरीचा दर रोजचा २०६ रुपये होता. त्याचा चवथा हिस्सा साडेएकावन्न रुपये. म्हणजे चौथाईनें मला येथेंही गांठलें!

परंतु हे पंधरा दिवस मोजावयाचे कोणत्या दिवसापासून? अर्ज दिल्याच्या तारखेपासून. आणि अर्ज दिला याला पुरावा काय? तारखेची पोंच. मजुरीचा पैसा केंद्राच्या तिजोरींतून येई, भत्त्याचा भार मात्र राज्यावर पडे. म्हणून भत्त्याचें देणें आपल्या माथीं लागूं नये, अशीच खालपासून वरपर्यंत प्रत्येकाची इच्छा असे. त्याला सर्वांत सोपा उपाय म्हणजे पोंच न देणें. पोंच नाहीं म्हणजे मागणी नाहीं, मागणी नाहीं म्हणजे बेकारीही नाहीं. ज्या कागदाच्या चिठोऱ्याला मी जन्मभर शिपायाचें काम समजत आलों, त्यावर त्या आजीची भूक उभी होती. देव नवसाला पावतो, पण पावती देत नाहीं. तें चालतें, कारण देवावर कोणी पंधरा दिवसांची मुदत घातलेली नाहीं.

मीं नमुना ४ चे कोरे अर्ज मागवून घेतले आणि ओसरीवर बसून लिहावयास लागलों. बायका एकेक येत, कार्ड पुढें करीत, अंगठा उठवीत. संध्याकाळपर्यंत बारा अर्ज झाले. आजीनें ते दोनदां मोजले आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "बारा झाले जी. तेरावं नाव कोनाचं?"

मीं हंसण्यावारी नेलें. तेवढ्यांत पत्नीनें आंतून एक नवें कार्ड आणून माझ्यापुढें ठेवलें. तिनें मला न विचारतांच आम्हां दोघांच्या नांवें तें काढून घेतलें होतें. कायद्यांत उत्पन्नाची अट नव्हती, शिक्षणाची नव्हती. कष्टाची तयारी एवढीच अट होती, आणि नेमकी तीच माझ्यापाशीं नव्हती. जावई सासुरवाडीच्या गांवीं माती खणतो, हें दुसऱ्या दिवशीं घरोघर बोललें जाईल, ही भीति माझ्या बोटांत उतरली होती. दुसऱ्यांचे बारा अर्ज लिहितांना मला अक्षर वळवावें लागलें नाहीं. स्वतःचें नांव मात्र मीं शाळकरी मुलासारखें जपून जपून लिहिलें.

६ जानेवारी २०२०, सोमवार. आम्ही तेराजण ग्रामपंचायतीच्या दारांत उभे राहिलों. रोजगार सेवक तरुण होता, स्वभावानें वाईटही नव्हता; त्यालाही तुटपुंज्या मानधनावर चार ठिकाणांची बोलणीं खावीं लागत. "ठेवून जा, लिहून घेतों," तो म्हणाला. आम्हीं पोंच मागितली. शिक्का नाहीं, छापील पुस्तक संपलें, साहेब आले नाहींत, अशीं कारणें एकामागून एक निघालीं. आजी पायरीवर ऐसपैस बसली आणि तिनें कनवटीची तंबाखू काढली. तिचें पाहून बाकीच्याही बसल्या. मीं एक कोरा कागद पुढें केला, त्यावर तेरा नांवें लिहिलीं आणि म्हणालों, "खालीं तारीख आणि सही घाला, एवढें पुरे आहे." त्यानें थोडा वेळ विचार केला आणि सही केली.

१६ तारखेला, म्हणजे दहाव्याच दिवशीं, गांवाबाहेरच्या एका बोडीच्या खोलीकरणाचें काम निघालें. साडेएकावन्न रुपयांची चौथाई आम्हांला मिळाली नाहीं. ती द्यावी लागेल या धाकानें पुरी मजुरी मिळाली. चौथाई वसूल होण्यापेक्षां तिचा हक्क कागदावर असणें अधिक मोलाचें, हें इतिहासाच्या पुस्तकांत मला कोणी शिकविलें नव्हतें.

पहिल्या दिवशीं दुपारपर्यंत माझ्या तळहातांना फोड आले. मजुरी खणलेल्या मातीच्या मोजमापावर ठरे, आणि मोजमाप साऱ्या टोळीचें मिळून होई. माझा खड्डा इतरांच्या मानानें पाऊणच भरे. आठवड्याअखेर माप घेतलें तेव्हां मात्र सारें काम पुरें भरलें, आणि बँकेच्या खात्यांत सहा दिवसांचे १,२३६ रुपये माझ्याही नांवावर पडले. माझा राहिलेला चवथा हिस्सा त्या बायकांनीं दुपारच्या सुटींत खणून टाकला होता. त्याची पोंच त्यांनीं माझ्याकडे कधींच मागितली नाहीं.

पुढें भविष्यनिर्वाह निधीच्या अर्जासाठीं मीं जुन्या पगारचिठ्ठ्या चाळावयास घेतल्या. प्रत्येकीवर एक ओळ होती: व्यवसाय कर, २०० रुपये, फेब्रुवारींत तेवढे ३००. महिन्याच्या महिन्याला ती ओळ पाहून मी कपाळाला आठी घालीत असें आणि हा पैसा कोठें जातो म्हणून मित्रांपाशीं कुरकुरत असें. चौकशी केली तेव्हां कळलें, कीं १९७५ च्या कायद्यानें बसविलेला हा कर रोजगार हमीच्या खर्चासाठींच होता. म्हणजे ज्या बोडीच्या कांठीं मी लाजेनें मान खालीं घालून उभा होतों, तिच्याकरितां मीं वर्षानुवर्षें, न कळत कां होईना, माझा वांटा भरला होता. मध्यमवर्गीय माणसाला भीक नको असते, हें खरें. परंतु स्वतःच्या हक्कालाही तो भीक समजतो आणि दुसऱ्याच्या हक्काला तर खैरातच म्हणतो. माझ्या वाचकांपैकींही पुष्कळांच्या पगारचिठ्ठीवर ही ओळ असेल. त्यांनीं ती पुन्हां एकदां वाचून पाहावी, एवढीच विनंति.

मला त्यानंतर एका धान्याच्या दुकानांत हिशेबाचें काम मिळालें आणि आमचा संसार पुन्हां चालूं लागला. २००५ च्या कायद्याच्या जागीं संसदेनें डिसेंबर २०२५ मध्यें नवा कायदा केला असून त्यांत शंभर दिवसांचे सव्वाशें दिवस झाले आहेत. दिवस वाढले, हें चांगलेंच झालें. पण ती बातमी मीं वाचून दाखविली तेव्हां आजीनें विचारलें तें एवढेंच: "अन् पावती देतील ना जी?"

तो हातानें लिहिलेला पोंचेचा कागद अजून माझ्या पेटींत आहे. त्यावर तेरा नांवें आहेत, आणि माझें शेवटचें आहे.