तंत्रज्ञानाचे एकच गाव

मराठी वृत्तपत्रांतील तंत्रज्ञानाचे पान वाचताना मला एक प्रश्न वारंवार पडतो : या पानावरची माणसे राहतात कुठे? लिपी देवनागरी, वाचक पालघरपासून गडचिरोलीपर्यंतचा. पण बातमीतला दिवस उजाडतो तो कॅलिफोर्नियात. तिथल्या कंपनीने फोनची नवी आवृत्ती आणली, तिथल्या न्यायालयात दोन कंपन्या भांडल्या, तिथला एखादा अब्जाधीश काही बोलला, की पान भरते. किंमत डॉलरमध्येच राहते आणि 'जगभरात' या शब्दाचा अर्थ पुष्कळदा 'अमेरिकेत' एवढाच असतो. भाषांतर शब्दांचे होते, दृष्टीचे होत नाही.

याचे समर्थन करता येणार नाही असे नाही. ट्रान्झिस्टर १९४७ साली बेल प्रयोगशाळेत जन्मला, इंटरनेटची पूर्वज असलेली अर्पानेट १९६९ साली अमेरिकेतच सुरू झाली, आणि आज आपल्या हातातील फोन ज्या प्रणालींवर चालतात त्या तिथल्याच दोन कंपन्यांच्या आहेत. जिथे घटना घडते तिथली बातमी येणार, हे उघड आहे. प्रश्न आहे तो 'घटना' कशाला म्हणायचे हा.

२००७ सालाचेच उदाहरण घ्या. जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यासपीठावर आयफोन जाहीर झाला. तो अधिकृतपणे भारतात यायला २००८चा ऑगस्ट उजाडला, तरी त्याची वर्णने आपण आधीच वाचून काढली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये केनियात एम-पेसा सुरू झाले. साध्या, बटणांच्या फोनवरून, बँकेत खाते नसतानाही पैसे पाठवण्याची ती सोय होती. घामाचा पैसा गावी पाठवणाऱ्या माणसांच्या देशाला या दोहोंपैकी कोणती बातमी अधिक जवळची होती? पहिलीवर मी त्या काळी किती वाचले याची गणती नाही. दुसरीचे नाव मराठीत वाचल्याचे मला आठवत नाही.

यामागे कुणाचे कारस्थान नाही, यंत्रणा आहे. मराठी वृत्तपत्राच्या कचेरीत परदेशी बातमी येते ती बहुधा मोठ्या वृत्तसंस्थांकडून, इंग्रजीतून. तिची निवड आधीच कुणीतरी केलेली असते. इथला उपसंपादक वेळेच्या घाईत ती मराठीत आणतो. मोठ्या कंपनीचे प्रसिद्धीपत्रक आयते मिळते, छायाचित्रासह मिळते. नैरोबीत किंवा नंदुरबारमध्ये माणूस पाठवायला पैसे लागतात. बातम्यांच्या या एकतर्फी प्रवाहाची चर्चा जुनीच आहे. युनेस्कोच्या मॅकब्राइड आयोगाने १९८० साली आपल्या अहवालात तिची सविस्तर मांडणी केली होती, आणि त्या आयोगावर भारताचे बी. जी. व्हर्गीस होते. अहवाल ग्रंथालयांत गेला. प्रवाह होता तसाच राहिला.

मी नेरूळमधल्या सारसोळ्यात राहतो. हे मूळचे आगरी-कोळ्यांचे गाव. गाव आणि खाडी यांच्या मधून आता पाम बीच मार्ग जातो. पलीकडे खारफुटी, जेट्टी आणि होड्या आहेत. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ज्या पंचाण्णव गावांच्या जमिनी गेल्या, त्या सगळ्या परिसराचा इतिहास या गावालाही लागू आहे. इथून उत्तरेला काही किलोमीटरवर महापे, रबाळे, ऐरोली हा औद्योगिक पट्टा लागतो. एके काळी तो रसायनांच्या कारखान्यांसाठी ओळखला जाई. आज तिथे डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या आहेत. आपण ज्याला 'क्लाउड' म्हणतो तो ढग आकाशात नसतो. तो अशाच इमारतींत, रात्रंदिवस वीज पीत, सतत थंड ठेवावा लागणाऱ्या यंत्रांच्या रांगांत असतो. पण क्लाउडवरील मराठी लेख उघडला की आपण थेट सिएटलला पोहोचतो. इथल्या इमारतींना वीज किती लागते, पाणी किती लागते, ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या मुलांपैकी कितीजणांना आत काम मिळाले, हे प्रश्न तंत्रज्ञानाच्या पानावर येत नाहीत. आले तर ते 'स्थानिक' म्हणून शहराच्या पुरवणीत जातात. म्हणजे जे अमेरिकेत घडते ते तंत्रज्ञान, आणि जे आपल्या दारात घडते ती नागरी समस्या!

याची किंमत काय, हे मला वर्गात कळले. पदवीच्या विद्यार्थ्यांना मी 'तंत्रज्ञान आणि मी' या विषयावर निबंध लिहायला सांगितला होता. एका मुलीची आई बाजारात मासळी विकते. आईच्या टोपलीशेजारी क्यूआर कोडचा पुठ्ठा असतो आणि पैसे जमा झाल्याचे मोठ्याने सांगणारा लहानसा खोका असतो. वाचता न येणाऱ्या बाईला व्यवहाराची खात्री कानांनी पटावी, ही केवढी मोठी गोष्ट आहे! शिवाय ज्या यूपीआयवर तो व्यवहार होतो ती २०१६ साली सुरू करणाऱ्या संस्थेचे मुख्यालय मुंबईतच आहे. पण त्या मुलीने दोन पाने लिहिली ती स्टीव्ह जॉब्जच्या गॅरेजवर. आईचा खोका निबंधात नव्हता. तिला लिहिता येत नव्हते असे मुळीच नाही; तो खोकाही 'तंत्रज्ञान' आहे असे तिला कधी कुणी सांगितलेच नव्हते. स्वतःचे जगणे विषय होण्याच्या लायकीचे नाही, अशी समजूत एखाद्या भाषेत रुजते तेव्हा हानी केवळ वृत्तपत्रांची होत नाही, साहित्याचीही होते.

इथे दुसऱ्या टोकाला जाण्याचा मोह होतो. अमेरिका काढावी आणि तिच्या जागी भारत बसवावा. 'आपणही काही कमी नाही' अशा मथळ्यांनी पान सजवावे. त्याने केंद्र बदलेल, केंद्राची सवय बदलणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये चीनच्या डीपसीकची बातमी आली तीही मुख्यतः अमेरिकी शेअर बाजार किती कोसळला या मापानेच; नायक बदलला तरी रंगमंच तोच राहिला. तैवानमध्ये चिप कशी घडते, ती घडवणारे यंत्र नेदरलँड्समधल्या एका कंपनीकडूनच का घ्यावे लागते, यात तर कोणत्याच देशाच्या जयजयकाराला जागा नाही. तिथे परस्परावलंबन आहे, आणि समजून घ्यायचे आहे ते तेच.

मराठीला ही दृष्टी परकी नाही. १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. नांगर तयार करणाऱ्या कारखान्याचे ते पत्र पुढे महाराष्ट्रातले एक मोठे मासिक झाले. यंत्र, ते बनवणारे कामगार आणि त्यांची वसाहत या गोष्टी छापण्याजोग्या आहेत, असे शंकरराव किर्लोस्करांना वाटले. उलट २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला, तेव्हा आपल्या लक्षात राहिला तो पाहुण्यांचा समारंभ. बोटांच्या ठशांवर माणसाची ओळख ठरवण्याचा जगातला एवढा मोठा प्रयोग एका आदिवासी गावातून सुरू होत होता. कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला वाचता आले नाहीत तर काय, हा प्रश्न त्याच दिवशी टेंभलीत विचारता आला असता. तो विचारायला कॅलिफोर्नियाला जावे लागत नव्हते.