शटडाऊनचं काम कसं मिळालं

आमचं गाव पोयनाडजवळ, खारेपाटात. थळचा खत कारखाना १९८५ला सुरू झाला, माझ्या जन्माआधी. रात्री धरमतर खाडीपलीकडे डोलवीच्या पोलाद कारखान्याचे दिवे दिसतात. इतकं जवळ आहे म्हणजे काम मिळणारच, असं घरात सगळ्यांना वाटायचं.

आयटीआयमध्ये वेल्डरचं एक वर्ष केलं आणि गेटवर अर्ज देत फिरलो. सिक्युरिटीवाला अर्ज ठेवून घ्यायचा. पुढे काही नाही. शेवटी गावातल्या एका काकांनी सांगितलं. ते रिगर आहेत, म्हणजे जड सामान उचलून बसवायचं काम करतात. "गेटवर कागद देऊन काय व्हनार? फोरमनला गाठ."

तेव्हा कळलं. कंपनी काम मोठ्या ठेकेदाराला देते, तो पेटी म्हणजे छोट्या ठेकेदाराला, आणि माणसं भरतो फोरमन. तो ओळखीची गँग फोनवर बोलावतो. म्हणून बिहार-ओडिशाची मुलं आधी पोचतात आणि आपण गेटवर उभे. काकांनी शब्द टाकला म्हणून नागोठण्याच्या बाजूला एका शटडाऊनला, म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्ती करतात त्या कामाला, हेल्पर म्हणून लागलो.

वेल्डर म्हणून घेत नव्हते, कारण ६जीची टेस्ट. पाईप ४५ अंशांत पक्का बांधलेला असतो, फिरवता येत नाही. आपणच खाली-वर होऊन पूर्ण गोल जोड मारायचा आणि मग त्याचा एक्स-रे निघतो. आयटीआयमध्ये माझा हात जास्त करून प्लेटवर बसला होता. पहिल्या टेस्टला खालच्या बाजूला रूट, म्हणजे जोडाचा पहिला थर, आत उतरलाच नाही. घरी दोन दिवस कोणाशी बोललो नाही.

मदत केली ओडिशाच्या एका वेल्डरने. जेवणाच्या सुट्टीत तो भंगारातले पाईपचे तुकडे मला द्यायचा. कडा नीट ग्राइंड कर, गॅप सगळीकडे सारखी ठेव, ७०१८चे वेल्डिंग रॉड ओव्हनमधून काढलेलेच वापर, घाई खालच्या बाजूला करू नकोस. बाहेरच्या मुलांवरचा माझा राग तिथेच संपला. पुढच्या शटडाऊनला टेस्ट पास झालो.

गेटपासलाही वेळ जातो. पोलीस पडताळणी, मेडिकल, सेफ्टी ट्रेनिंग. उंचीवरच्या कामाला वेगळा पास, त्याला बीपी तपासतात. पास हातात येईपर्यंत हजेरी लागत नाही. पडताळणीचा दाखला आधीच काढून ठेवा.

एका ठेकेदाराने पगारातून पीएफ कापला, पण भरला नाही. यूएएनचं, म्हणजे पीएफ नंबरचं, पासबुक उघडलं म्हणून समजलं. तक्रार करायची भीती वाटत होती. पण ठेकेदाराने भरलं नाही तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते. पगाराच्या स्लिपा घेऊन कंपनीच्या ऑफिसात गेलो, तेव्हा पैसे जमा झाले. ज्यांनी स्लिपा ठेवल्या नव्हत्या, त्यांचं काहीच झालं नाही. त्या ठेकेदाराच्या फोरमनने मला परत कधी बोलावलं नाही, हेही खरं.

नव्या प्लांटच्या उभारणीत असाल, जसं आमच्या भागात उसरला झालं, तर बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी करा. वय १८ ते ६० हवं आणि मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. तो दाखला साइटवर असतानाच मागून घ्या. काम संपलं की ठेकेदार कंटेनर ऑफिस उचलून जातो आणि नंतर त्याचा फोनही लागत नाही.