सगळं स्वच्छ आहे!

परवा रात्री साडेअकराला मी दोन तासांचं काम एका ओळीत पुसून टाकलं. वर संगणकाने शांतपणे कळवलं की कमिट करण्यासारखं काही नाही, सगळं स्वच्छ आहे. इतकं स्वच्छ की रडू यायचं बाकी राहिलं!

झालं काय, ते सांगतो. बाबांच्या आठवणींच्या चार वह्या आहेत. ते गेल्यावर ताईने आणि मी त्या टाइप करायला घेतल्या. मी पुण्यात, ती अमेरिकेत. मेलवरून फायली पाठवून 'शेवटची', 'अगदी शेवटची', 'हीच शेवटची' अशी भुतावळ जमली, तेव्हा मीच म्हटलं की गिट वापरू. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली हे लिनक्सच्या कर्नलसाठी लिहिलं. त्यात आमच्या वडिलांचं कऱ्हाड कोंबायचं म्हणजे जरा अतीच, पण माझा पोटापाण्याचा धंदाच तो. भाच्याने ताईला शिकवलं आणि गाडी चालू झाली.

परवा तिचे बदल माझ्याकडे मर्ज करायला घेतले तर तीन प्रकरणांत कॉन्फ्लिक्ट. उघडून बघतो तर अख्खं प्रकरण वर माझं, खाली तिचं आणि मध्ये ======= ही भिंत. तिच्या एडिटरने सगळ्या ओळी नव्याने तोडल्या होत्या. गिट ओळ न् ओळ ताडून बघतं. शब्द तेच असले तरी ओळ दुसरीकडे तुटली की त्याच्या लेखी ती ओळ बदलली.

बसलो एकेक जुळवत. दोन प्रकरणं संपली, त्यांना गिट ॲड केलं. तिसरं होतं भूकंपाचं. ११ डिसेंबर १९६७ची पहाट, कोयनेचा भूकंप. वहीत बाबांनी लिहिलंय, "आम्ही बाहेर आलो." बस्स, एवढंच. ताईने तिथे भर घातलेली, की बाबांनी आधी आईला बाहेर काढलं. हा खरा कॉन्फ्लिक्ट, ओळी तुटल्याचा नव्हे. मग आईलाच फोन लावला.

आई म्हणाली, "कसलं काय! तुझे बाबा आधी बाहेर पळाले. अंगणात गेल्यावर लक्षात आलं बायको आत आहे. मग आले परत. वर्ष झालं होतं लग्नाला फक्त." आणि हसली. मग भांडी कशी पडली, पुढचे कितीतरी दिवस लोक थंडीत बाहेर कसे झोपले, शेजारची म्हातारी देव घेऊन कशी बसली होती... ती बोलत होती आणि मी तिथेच, त्या बाणांच्या खुणांमध्ये टाइप करत होतो.

फोन ठेवल्यावर बघतो तर फाईलचा पार चिवडा. तिचे दोन परिच्छेद दोनदा, माझा एक गायब. वैतागलो. म्हटलं, मर्जच्या आधी होतं तिथे जाऊ आणि सकाळी नव्याने सुरू करू. बोटांनी जुन्या सवयीने 'गिट रीसेट --हार्ड' मारलं. मर्ज सोडून देण्यासाठी 'गिट मर्ज --अबॉर्ट' अशी सरळ आज्ञा २०११ साली आली, माझी बोटं त्याआधीची. (अबॉर्ट मारलं असतं तरी हेच झालं असतं म्हणा. मर्ज चालू असताना केलेली जुळवाजुळव दोन्ही सारखीच उडवतात.) एंटर दाबल्यावर आठवलं की आईचं बोलणं त्यातच होतं.

रीफ्लॉगचा उपयोग नव्हता, कारण तिथे कमिट झालेल्याच गोष्टींचा माग राहतो. पण ॲड केलेल्या फाईलची प्रत गिटने आपल्या कोठारात आधीच ठेवलेली असते. तिला कुणी वाली राहिला नाही तरी ती लगेच जात नाही, साफसफाईत साधारण दोन आठवड्यांहून जुनी असेल तरच फेकली जाते. 'गिट एफएससीके --लॉस्ट-फाउंड' चालवलं, आणि पहिली दोन प्रकरणं लांबलचक आकड्याअक्षरांच्या नावाने परत आली. तिसरं नाही. ते ॲडच केलं नव्हतं. एडिटरही रागाच्या भरात बंद केलेला, म्हणजे अनडूची वाटही बंद.

आठवेल तसं लिहायला बसलो. म्हातारी आठवली, भांडी आठवली. पण आईची वाक्यं? ती माझ्या शब्दांत यायला लागली, तेव्हा थांबलो.

सकाळी कोरा मर्ज केला. या वेळी ओळी तोडण्याचा गोंधळ आधी वेगळा निस्तरला, मग भांडण उरलं फक्त त्या एका वाक्याचं. पुन्हा फोन.

"अरे, काल सांगितलं ना सगळं?"

"पुसलं गेलं गं माझ्याकडून."

"बरं, लिही. बाबांनी मला हाताला धरून ओढत बाहेर काढलं."

"आई, काल म्हणालीस ते आधी पळाले म्हणून!"

पलीकडे जरा वेळ कुकरच्या शिट्ट्या. मग म्हणाली, "पुसलं गेलंय ना? मग राहू दे तसंच."

मी ती म्हणाली तसं लिहिलं, आधी ॲड केलं, लगेच कमिट केलं. ताईला अजून काही सांगितलेलं नाही. ती हे वाचेलच म्हणा :)