दांडा आणि गोत

थॉमस मार्श खोटं बोलला असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तो खरंच बोलला, असंही छातीठोकपणे सांगवत नाही.

24 ऑक्टोबर 1838 रोजी अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, रिचमंड गावी त्याने शपथेवर लिहून दिलं, की मॉर्मन पंथाच्या लोकांमध्ये डॅनाइट नावाची मंडळी आहेत आणि पुढारी बरोबर असोत वा चूक, त्यांच्या पाठीशी राहायची त्यांनी शपथ घेतली आहे. सांगणारा कुणी ऐरागैरा नव्हता. मॉर्मनांच्या बारा प्रेषितांचा तो अध्यक्ष. तीनच दिवसांनी गव्हर्नर बॉग्जचा हुकूम निघाला: मॉर्मनांना राज्याबाहेर हाकला, नाहीतर त्यांचा नायनाट करा. नोव्हेंबरात त्याच रिचमंडला न्यायाधीश ऑस्टिन किंग यांच्यापुढे सरकारतर्फे पहिला साक्षीदार उभा राहिला तो सॅम्प्सन अव्हार्ड, डॅनाइटांचाच म्होरक्या. पुढे जॉन कॉरिल आले, फेल्प्स आले. घरचीच माणसं.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. ही म्हण मनातून हलत नाही. दांड्याची बाजू कधी कुणी ऐकून घेतली आहे का? तो आधी स्वतः तोडला गेलेला असतो. त्याला तासतात, लोखंडाच्या भोकात ठोकतात, हलू नये म्हणून पाचर मारतात. अव्हार्डचं तसं म्हणता येईल; साक्ष देऊन त्याने आपली मान सोडवून घेतली. पण कॉरिल? त्या गुप्त शपथा त्यांना आधीपासूनच पटत नव्हत्या. त्यांनाही दांडाच म्हणायचं? आणि आग गोतानेच लावली असेल तर? 1833 मध्ये जॅक्सन काउंटीतून हाकलले गेलेले, पाच वर्षं मार खात आलेले हे लोक त्या ऑक्टोबरात उलटले आणि त्यांनी गॅलटिनमधलं दुकान लुटून जाळलं. ते कोर्टात सांगणारा माणूस गोताचा काळ ठरतो, की गोतातला एकटा शहाणा?

मार्शच्या फुटण्यामागची एक हकीकत मॉर्मनांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्याच्या बायकोने आणि हॅरिसबाईंनी ठरवलं, की मोठं चीज करता यावं म्हणून दोघींच्या गाईंचं दूध एकत्र करायचं, कुणी काही मागे ठेवायचं नाही. मार्शबाईंनी प्रत्येक गाईचं शेवटचं थोडं दूध ठेवून घेतलं. धार काढलेल्या कुणालाही ठाऊक असतं, की आचळातून अखेरीस निघतं ते दूध सर्वांत दाट. तांब्याभर दूध, पण सगळी साय त्यातच. भांडण बिशपकडे गेलं, मग वरिष्ठ मंडळाकडे, मग खुद्द पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याच्यापर्यंत. निकाल दरवेळी बायकोविरुद्ध. चिडलेला मार्श म्हणे तिथून थेट साक्षीला गेला.

ही हकीकत जॉर्ज ए. स्मिथ यांनी प्रवचनात सांगितली ती 1856 मध्ये, घटनेनंतर अठरा वर्षांनी. मला तिचा राग येतो. शपथा, जाळपोळ, बंदुका, सगळं एका बाईच्या दुधाच्या भांड्यात कोंबायचं, म्हणजे साक्षीत काय होतं ते वाचायलाच नको. पण राग ओसरला की वाटतं, माणसं खरोखर अशाच कारणांनी फुटतात. आणि दुधावरून फुटलेला माणूसही खरं बोलू शकतो.

हॉन्स मिलचं काय करायचं, हे तर मला मुळीच उमगत नाही. 30 ऑक्टोबरला तिथे सतरा मॉर्मन मारले गेले. लोहाराच्या भात्याखाली लपलेला दहा वर्षांचा सार्डियस स्मिथ त्यांतलाच. त्यासाठी कुणावरही खटला चालला नाही. रिचमंडला आरोपी होते ते मॉर्मनच. वाचलेल्यांनी आपली शपथपत्रं वॉशिंग्टनला पाठवली, शेकड्यांनी. तिथूनही हात हलवत परतावं लागलं. तीही घरच्यांचीच साक्ष, फक्त घराच्या बाजूची. तिच्यावर माझा विश्वास चटकन बसतो. मार्शवर बसत नाही. का, ते मला नीट सांगता येत नाही.

फेल्प्स यांनी 1840 मध्ये माफी मागितली आणि जोसेफ स्मिथने पत्र लिहून त्यांना परत घेतलं. मार्शही 1857 मध्ये युटाला येऊन जाहीरपणे क्षमा मागता झाला. कशाची क्षमा? खोटं सांगितल्याची, की खरं परक्यांना सांगितल्याची? फेल्प्स यांच्या माफीच्या पुढल्याच वर्षी, 1841 मध्ये, मिसुरी सरकारने रिचमंडच्या साक्षी छापल्या, त्यांत फेल्प्स यांचीही आहे. तिच्यातलं कुठलं वाक्य त्यांनी मनातून मागे घेतलं होतं, ते त्या छापील पानावरून ओळखू येत नाही.